हिमालयन ४११ ला ऑइल टेंपरेचर मीटर: सेन्सर कुठे बसवावा, वायर कुठून घ्यावी?

घाटवाट_४११ विचारतात:

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, बीएस-६. इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होणारं, पुढे कंपनीचा ऑइल कूलर आहे. मीटरवर बाहेरच्या हवेचं तापमान दिसतं, इंजिनातल्या ऑइलचं मात्र कुठेच दिसत नाही. वापर जवळजवळ सगळा लांबच्या प्रवासाचा: दोन्ही बाजूंना पेट्या, मागे माणूस, सापुतारा, कसारा घाट, आणि उन्हाळ्यात चांदवड-मालेगावकडून धुळ्याला.

तीन पर्याय समोर आहेत. ऑइल भरायच्या झाकणाच्या जागी बसणारा गोल काट्याचा मीटर, इंजिनाच्या तळाशी ऑइल काढायला असतो त्या ड्रेन बोल्टमध्ये सेन्सर, किंवा कूलरच्या पाइपवर सेन्सर. शेवटच्या दोन्हींत हँडलवर डिजिटल मीटर येईल. आकडा कुठल्या जागेचा खरा मानायचा? मीटरसोबत येणाऱ्या सेन्सरवर कधी १/८ एनपीटी लिहिलेलं असतं, कधी पीटी १/८, कधी एम१०; यात फरक किती? वायर हेडलाइटजवळून घेतली तर चालेल का? आणि ड्रेन बोल्टला सेन्सर लावला तर खालच्या बॅश प्लेटचं (दगडांपासून इंजिन वाचवणाऱ्या पत्र्याचं) काय करायचं?

अंबड_लेथ यांचं उत्तर:

आधी जागा ठरवा, मीटर नंतर घ्या. उलटं केलं की सोबत आलेला सेन्सर जिथे मावेल तिथे बसवला जातो, आणि मग दिसणारा आकडा नेमका कशाचा हे सांगता येत नाही. एकाच इंजिनात एकाच क्षणी ऑइलची वेगवेगळी तापमानं असतात. सिलिंडर हेडमधून आणि पिस्टनच्या पोटावरून ओघळून आलेलं सगळ्यात गरम, तळाशी साचून मिसळलेलं त्याहून कमी, कूलरमधून निघालेलं आणखी कमी. पंप उचलतो ते तळातलं. म्हणून तुलना करायला, ऑइलचा ग्रेड ठरवायला आणि इशारा लावायला तळाचा आकडा सगळ्यात उपयोगी.

झाकणाचा मीटर बसवायला दोन मिनिटं लागतात, हा त्याचा एकच गुण. त्याची दांडी बहुतेक इंजिनांत ऑइलच्या पातळीपर्यंत पोचत नाही. तिला लागतात क्लचवरून उडणारे शिंतोडे आणि वाफ. आकडा कमी येतो, उशिरा हलतो, आणि तो बघायला चालत्या गाडीवरून पायाशी मान घालावी लागते. टूरिंगच्या गाडीवर मी तो सुचवणार नाही.

कूलरच्या पाइपवर लावायचं तर एकच सुरक्षित रीत: पाइप बँजो बोल्टने (आतून ऑइल जाणाऱ्या पोकळ बोल्टने) बसत असेल, तर त्याच आट्यांचा, डोक्यात सेन्सरची जागा असलेला बँजो बोल्ट आणि दोन नवे तांब्याचे वॉशर. सेन्सरचं टोक बोल्टच्या आडव्या भोकासमोर येऊन ऑइलची वाट अडवत नाही ना, हे हातात धरून उजेडासमोर बघा. पाइप मधून कापून क्लॅम्पवर जोडणी बसवायची नाही. थंड इंजिन चालू करताना ऑइल घट्ट असतं, दाब वाढतो, आणि क्लॅम्प निसटला की ऑइल थेट पुढच्या एग्झॉस्टवर किंवा मागच्या टायरवर जाईल.

आता ड्रेन बोल्ट. आधी बोल्ट काढून व्हर्नियरने बाहेरचा व्यास आणि पिच गेजने आट्यांचं अंतर मोजा. नेटवर कोणीतरी लिहिलेल्या मापावर बोल्ट मागवू नका, अगदी याच गाडीसाठी लिहिलेलं असलं तरी. इथे एक हिशेब कळीचा आहे. एम१४×१.५ (१४ मिमी व्यास, आट्यांचं अंतर १.५ मिमी) बोल्टच्या आट्यांचा तळ साधारण १२.१६ मिमी. त्यात एम१०×१ चं भोक पाडलं तर भिंत उरते जेमतेम १ मिमी. बोल्ट एम१२×१.५ असेल तर आट्यांचा तळ १०.१६ मिमी, म्हणजे भिंत उरतच नाही. त्यामुळे बोल्टच्या दांड्यात सेन्सरचे आटे पाडायचा विचार सोडून द्या. सेन्सर बसतो बोल्टच्या जाड, लांब केलेल्या डोक्यात, आणि दांड्यातून फक्त आरपार भोक जातं: एम१२ ला ७ मिमी, एम१४ ला ८ मिमीपर्यंत.

बाजारातले पुष्कळ तयार अडॅप्टर, म्हणजे सेन्सरची जागा असलेले असे बोल्ट, इथेच फसतात. सेन्सरचं टोक आखूड असतं, ते डोक्यातल्या खोबणीतच राहतं. त्या खोबणीतलं ऑइल हलत नाही, कारण गरम ऑइल वरच राहतं आणि खाली अडकलेलं तिथेच थंड होतं. शिवाय बोल्टला समोरून वारा लागतो. आकडा सहज दहा अंश कमी येतो, आणि वेग वाढला की आणखी घसरतो. सेन्सर ५-६ मिमी जाडीच्या लांब टोकाचा निवडा आणि टोक भोकातून निघून तळाच्या ऑइलमध्ये किमान ८-१० मिमी शिरलं पाहिजे असा अडॅप्टर करून घ्या. आत किती जागा आहे हे आधी तपासा: ऑइल काढलं की भोकातून केबल टाय सरकवा, अडला की खूण करा, त्यातून ५ मिमी वजा धरा. टोक जाळीला किंवा फिरणाऱ्या भागाला लागता कामा नये.

करून घ्यायचा तर नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत लेथवर एक नग होतो. धातू ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद) सांगा. ॲल्युमिनियमचा अडॅप्टर हलका असतो, पण दर ऑइल बदलाला उघडझाप करून त्याचे आटे जातात, आणि पितळ दगडाच्या मारापुढे मऊ पडतं. लेथवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: आटे आणि वॉशर टेकण्याची सपाट बाजू एकाच पकडीत कापायची. नग उलटा धरून कापला की सपाटी आट्यांशी काटकोनात राहत नाही, वॉशर एका बाजूने दाबला जातो आणि तिथून ऑइल झिरपतं. मग लोक बोल्ट आणखी आवळतात आणि इंजिनाचे ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडून काढतात.

सेन्सरच्या आट्यांचं: १/८ एनपीटी म्हणजे इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. पीटी १/८ म्हणजे बीएसपीटी, इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. दोन्ही निमुळते, दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एम१०×१ सरळ आट्यांचा असतो, त्याला वॉशर लागतो. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे आरामात जातो, मग घट्ट लागतो, आणि घट्ट लागला म्हणजे बसला असं वाटतं. प्रत्यक्षात आटे चिरडले जात असतात. म्हणून लेथवाल्याकडे सेन्सर सोबत न्या, माप तोंडी सांगू नका. एम१०×१ साठी भोक ९ मिमी, १/८ एनपीटीसाठी ८.५ मिमी. निमुळत्या आट्यांत टॅप पूर्ण आत घालायचा नाही. सेन्सर हाताने तीन-चार फेरे जाईल इतकाच, अधूनमधून सेन्सर लावून बघत. शेवटी हाताने घट्ट, मग पान्याने एक ते दीड फेरा. त्याहून जास्त नको.

ड्रेन बोल्ट स्वतः मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, टॉर्क पान्याने, नव्या वॉशरवर. मूळ बोल्टला चुंबक असेल तर तो या बदलात जातो, हेही लक्षात असू द्या.

नाशिकरोड_वायरिंग यांचं उत्तर:

जागेबद्दल वर आलंच आहे, मी विजेचं सांगतो. कारण बसवल्यानंतर चुकीचे आकडे बहुतेक वेळा जोडणीमुळे येतात, आणि या सेन्सरची चूक धोक्याच्या बाजूची असते.

हे सेन्सर एनटीसी प्रकारचे. तापमान वाढलं की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. म्हणजे गंजलेली पिन, सैल कपलर, खराब अर्थ (अर्थिंग) यांनी रेझिस्टन्स वाढला की मीटरला इंजिन थंड असल्याचं दिसतं. १० किलोओहमचा जो सर्रास मिळणारा एनटीसी आहे, तो २५ अंशांना १०,००० ओहम, १०० अंशांना साधारण ७०० आणि १२० अंशांना ४०० च्या आसपास येतो. तिथे एक अंशाला जेमतेम १० ओहम पडतात. कपलरमध्ये ५० ओहम वाढले की पाच अंश कमी दिसले. काट्याच्या जुन्या धर्तीच्या मीटरांचे सेन्सर तर गरम झाल्यावर काही दहा ओहमवर येतात. तिथे दोन-चार ओहमही काटा खाली ओढतात. वायर तुटली तर आकडा तळाला जातो किंवा रेघा दिसतात, वायर इंजिनाला टेकून अर्थ झाली तर आकडा टोकाला जातो. ऑइलचं तापमान सावकाश बदलतं. सेकंदात वीस अंशांची उडी दिसली तर इंजिनाकडे नंतर बघा, आधी वायर बघा.

शक्य असेल तर दोन वायरींचा सेन्सर घ्या. एका वायरीचा सेन्सर इंजिनातून अर्थ घेतो, आणि त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे दिले की अर्थ कमजोर होतो. मीटर मग दहा-पंधरा अंश कमी दाखवतो किंवा आकडा नाचतो. एका वायरीच्या सेन्सरला टेपऐवजी द्रव थ्रेड सीलंटचे दोन थेंब, तेही टोकाकडचे पहिले दोन आटे सोडून; आवळल्यावर धातू धातूला लागतो. बसवल्यावर मल्टिमीटरने सेन्सरची षटकोनी बाजू ते बॅटरीचं ऋण टोक असं मोजा. १ ओहमच्या आत यायला हवं.

वीज: मीटरला लागतात काही मिलिअँपिअर, त्यामुळे रिले लागत नाही. हेडलाइटच्या आत पायलट दिव्याची वायर चावीवर चालू-बंद होते, तिथून घेतलं तर चालतं. मल्टिमीटर लावून चावी बंद असताना ० आणि चालू असताना १२ व्होल्ट येतात याची खात्री करा. धन वायरवर, जिथून ती घेतली त्याच्या जवळच, १ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज मीटरजवळ लावला तर मधल्या वायरीला काही संरक्षण राहत नाही. मूळ वायर दाताने कापणारे निळे टॅप कनेक्टर वापरू नका. ते तारेचे काही धागे तोडतात आणि दोन पावसाळ्यांत तिथे हिरवा गंज धरतो. मूळ कपलरच्याच जातीची नर-मादी पिन घेऊन मधे छोटी शाखा करणं सगळ्यात स्वच्छ, आणि उद्या मीटर काढला तर गाडी होती तशी होते. मीटरची ऋण वायर हँडलच्या बोल्टवर न देता मुख्य हार्नेसच्या अर्थवर किंवा थेट बॅटरीवर न्या.

सेन्सरपासून टाकीखालपर्यंत वायर इंजिनाला लागून जाते. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण तिथे कडक होऊन तडकतं. ०.५ चौरस मिमीची सिलिकॉन आवरणाची वायर, त्यावर फायबरग्लास स्लीव्ह, एग्झॉस्टपासून किमान चार बोटं दूर. कपलर सेन्सरजवळ, पण चिखलाच्या पट्ट्यातून वर, म्हणजे ऑइल बदलताना सोडवता येईल. त्यात थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. स्टिअरिंगपाशी हँडल दोन्ही टोकांना वळवून वायर ताणली जात नाही हे बघूनच टाय आवळा.

एक गोष्ट अजिबात करू नका. ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) जाणाऱ्या इंजिन तापमानाच्या सेन्सरवर हा मीटर समांतर जोडायचा नाही. दोन सर्किटं समांतर आली की एकूण रेझिस्टन्स घटतो, ईसीयूला इंजिन आहे त्याहून गरम वाटतं, सकाळी पेट्रोल कमी सोडलं जातं आणि थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं.

बसवण्याआधी मीटर तपासा. सेन्सर वायरीसकट मीटरला जोडा, टोक उकळत्या पाण्यात धरा, भांड्याच्या बुडाला टेकवू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. म्हणून मीटरवर ९८ आलं तर बरोबर. १०० ची वाट बघत मीटर दोन अंशांनी सरकवू नका. बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात ० ते २ यायला हवं. तुम्हाला काम आहे ९० ते १३० मध्ये, तेव्हा उकळत्या पाण्याची परीक्षा जास्त महत्त्वाची. एका वायरीच्या सेन्सरच्या अंगाला बॅटरीची ऋण वायर क्लिपने लावूनच ही तपासणी करा, नाहीतर काहीच दिसणार नाही.

गोदाकाठ_७७ यांचं उत्तर:

मीटरला विरोध नाही, पण आधी इन्फ्रारेड थर्मामीटरने चार-पाच वेळा मोजून बघा असं सुचवेन. महिनाभराच्या मोजण्यावरून मीटरची खरंच गरज आहे का ते कळेल. घाट चढून थांबल्याबरोबर, पहिल्या अर्ध्या मिनिटात, इंजिनाच्या तळाशी काळ्या रंगाच्या भागावर. चकचकीत बोल्टवर किंवा उघड्या ॲल्युमिनियमवर धरलं तर ती बंदूक खूपच कमी दाखवते, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. बाहेरच्या भिंतीचा आकडा आतल्या ऑइलपेक्षा कमीच असतो, पण प्रत्येक वेळी त्याच जागी मोजला तर तुलनेला चालतो.

आणि मीटर लावण्याआधी ऑइलची पातळी नीट करून घ्या. जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्यात हवा मिसळते, फेस होतो, आणि तापमान वाढतं. कमी असेल तर तेच थोडं ऑइल वारंवार फिरतं आणि त्याला थंड व्हायला उसंत मिळत नाही. दोन्हींत मीटर जास्त दाखवेल आणि दोष कूलरवर जाईल.

घाटवाट_४११:

सगळ्यांचे आभार. म्हणजे ड्रेन बोल्ट, लांब टोकाचा सेन्सर, दोन वायरी, असं ठरवतोय. आता दोन शंका. आकडे किती आले तर ठीक समजायचे? इशाऱ्याचा दिवा कितीवर लावू? नेटवर कोणी ११० ला घाबरतं, कोणी १५० पर्यंत बिनधास्त म्हणतं. आणि बॅश प्लेटचं अजून कोणी बोललं नाही.

ब्रह्मगिरी_टूरर यांचं उत्तर:

दादा, ११० ला घाबरायचं काही कारण नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तळाचं ऑइल ९० ते ११५ मध्ये खेळणं चांगलंच. लांब चढ, पूर्ण वजन आणि बाहेर ४० अंश असताना १२० ते १२५ दिसलं तरी सेमी-सिंथेटिकला ते झेपतं. १३० च्या वर टिकून राहिलं तर वेग आणि गिअर बदला. १४० च्या पुढे गाडी सावलीत थांबवून इंजिन बंद. इशारा १३० वर लावा. ११५ वर लावलात तर उन्हाळ्यात दिवा रोजच पेटेल, आणि रोज पेटणाऱ्या दिव्याकडे माणूस बघेनासा होतो.

हे आकडे कुठून येतात तेही सांगतो. या गाडीला कंपनी १५डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल सांगते. त्यातला ५० म्हणजे १०० अंशांना ऑइलचा घट्टपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या मध्ये. तेच ऑइल ४० अंशांना सात-आठ पट घट्ट असतं, आणि १३० ला १०० च्या मानाने साधारण निम्मं उरतं. म्हणजे १३० वर बेअरिंगमधला ऑइलचा थर निम्म्या घट्टपणावर काम करतोय. त्यात उष्णतेने ऑइल जळून जुनं होण्याचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. उन्हाळ्यातला सगळा प्रवास १२५-१३० वर झाला असेल तर ऑइल बदलायला नेहमीचे किलोमीटर भरायची वाट बघू नका. पातळ १०डब्ल्यू-४० घालून इंजिन थंड राहील अशी समजूत आहे; घाटात वजनासह जाणाऱ्या या इंजिनात तो प्रयोग नको.

पण कोणाच्याही आकड्यापेक्षा तुमच्या गाडीचा स्वतःचा पाया महत्त्वाचा. एक ठराविक रस्ता धरा, समजा गोंदे ते इगतपुरी, एकच वेग, पाचवा गिअर, आणि वीस मिनिटांनी स्थिर झालेला आकडा बाहेरच्या तापमानासकट लिहून ठेवा. बाहेरचं तापमान तुमच्या मीटरवर आहेच. ऑइल आणि हवा यांतला फरक बघायचा. हवा ३० असताना ऑइल ९८ आणि हवा ४० असताना १०८, तर इंजिनात काही बदललेलं नाही. हवा तीच आणि ऑइल दहा अंशांनी वर गेलं, तर कारण शोधायचं. पहिलं कारण जवळजवळ नेहमी कूलरच्या जाळीत वाळलेला चिखल. पावसाळा संपला की मागच्या बाजूने, साध्या पाइपच्या धारेने, मऊ ब्रशने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाची धार जवळून मारली तर पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. मग ऑइलची पातळी, मग आवळलेला मागचा ब्रेक किंवा अति ताणलेली चेन, मग टायरमधली हवा. या तिन्हींमुळे इंजिनाला तोच वेग राखायला जास्त जोर लावावा लागतो.

घाटात काय करायचं: कसारा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना आकडा सगळ्यात भराभर चढतो. जोर जास्त आणि वारा नाही. जागा मिळाली की थोडं अंतर सोडून एका लयीत चढा. वरच्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकत ओढायला लावलं तरीही उष्णता वाढते. आरपीएम कमी म्हणजे इंजिन थंड असं नसतं. नाशिकच्या द्वारका सर्कलसारख्या चौकात दोन-तीन सिग्नल अडकायचं असेल तर इंजिन बंद करा. थांबलेल्या गाडीत आयडलवर कूलरला वारा मिळत नाही, आणि गरम पातळ ऑइलचा दाब आयडललाच सगळ्यात कमी असतो. गरम इंजिनावर पाणी मात्र ओतू नका.

ऑइल थंड असतानाचा, कमी तापमानाचा आकडा लोक विसरतात, आणि माझ्या मते टूरिंगवाल्याला या मीटरचा तोच जास्त फायदा आहे. सुरू केल्यावर हेड काही मिनिटांत तापतं, ऑइलला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ऑइल ६०-७० वर येईपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर नेऊ नका. आणि इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात भिजत चाललात तर कूलर इतका थंड राहतो की ऑइल ७०-७५ च्या वर जातच नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक एग्झॉस्टमधून जातं, पण थोडं पिस्टनच्या कडेने खाली उतरतं. ऑइल ९०-१०० पर्यंत पोचलं तर ते उडून जातं, नाही पोचलं तर झाकणाच्या आत दुधाळ साय धरते. अशा दिवसांत कूलरचा निम्मा भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकता येतो. पण मीटरवर नजर ठेवून, आणि पाऊस संपला की पत्रा काढून.

एक राहिलं: लिक्विड कूल्ड हिमालयन ४५० वाल्यांनी हे आकडे घेऊ नयेत. तिथे कूलंट ऑइललाही आवरून धरतं, हिशेब वेगळा.

अंबड_लेथ:

बॅश प्लेटचं माझ्याकडून राहिलं. अडॅप्टर आणि सेन्सर मिळून मूळ बोल्टापेक्षा २५ ते ४० मिमी खाली येऊ शकतात. प्लेट लावून मधली जागा मोजा: मूळ बोल्टच्या डोक्यावर मऊ मातीचा गोळा चिकटवा, प्लेट आवळा, काढा, दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. सेन्सरच्या वायरीच्या वळणासह किमान १० मिमी मोकळे राहिले पाहिजेत. प्लेट दगडावर आपटली की ती वर वाकते, हे त्या दहा मिमींचं कारण.

जागा नसेल तर प्लेटला भोक पाडून सेन्सर बाहेर काढायचा मोह होईल. नको. दगड थेट सेन्सरला लागला तर अडॅप्टर तुटेल आणि तळातून सगळं ऑइल जाईल. लक्षात येऊन तुम्ही थांबेपर्यंत इंजिन जाम झालेलं असेल. त्यापेक्षा प्लेटच्या बोल्टांखाली १० मिमीचे स्टीलचे स्पेसर आणि तितकेच लांब ८.८ ग्रेडचे बोल्ट. त्याने ग्राउंड क्लिअरन्स १० मिमीने जातो, तेवढा घाट आणि डांबरी रस्त्याच्या गाडीला परवडतो. ज्यांना नदीपात्र आणि दगडवाटाच करायच्या आहेत त्यांनी ड्रेन बोल्ट सोडून वर सांगितलेला बँजो बोल्ट बघावा. तो इंजिनाकडून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर लावा. परतीच्या पाइपवर लावला तर कूलरने थंड केलेला आकडा दिसेल आणि चढत्या उष्णतेची खबर उशिरा मिळेल.

वायर सेन्सरमधून मागच्या बाजूला वळवून वर न्या, पुढून नाही. पुढच्या चाकाने उडवलेला खडा पुढच्याच वायरीला लागतो.

घाटवाट_४११:

स्पेसरचं जमेल. शेवटची शंका: दर ऑइल बदलाला सेन्सर अडॅप्टरमधून काढायचा, की अडॅप्टर सेन्सरसकट काढायचा?

अंबड_लेथ:

सेन्सरसकट. कपलर सोडवा, वायर मोकळी करा, मग अडॅप्टर फिरवा. कपलर न सोडता फिरवलं तर वायर सेन्सरच्या मुळाशी पिळून तुटते. निमुळते आटे दर वेळी उघडले की दर वेळी थोडं आणखी आत जावं लागतं, आणि काही वर्षांत सेन्सरचं डोकं अडॅप्टरला टेकतं पण आटे धरत नाहीत. अडॅप्टर आणि सेन्सरच्या जोडावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, सेन्सर सैल होतोय का ते दिसेल. परत बसवताना नवा वॉशर. सर्व्हिस सेंटरला गाडी दिलीत तर जॉब कार्डवर लिहून घ्या की ड्रेन बोल्ट वेगळा आहे आणि तो न्यूमॅटिक गनने आवळायचा नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर वॉशरच्या कडेला पांढरा टिश्यू फिरवून बघा. डाग आला तर आणखी आवळू नका, वॉशर बदला.